वकील न लावता पैशाचा दावा

मुंबईत धोबी तलावाजवळ, लोकमान्य टिळक मार्गावर लघुवाद न्यायालय आहे. ज्या कायद्यावर त्याचे कामकाज चालते तो १८८२ चा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत दुकानाची उधारी, कारागिराची मजुरी, उसने दिलेले पैसे असे छोट्या रकमांचे तंटे मोठ्या कोर्टाच्या सोपस्कारांत न अडकता मिटावेत, हा त्यामागचा विचार होता. आज तिथे येणारी बहुतेक माणसे घरभाड्याच्या आणि जागा खाली करण्याच्या वादांसाठी आलेली असतात. भाडेकरू-मालकांचे खटले कायद्याने याच न्यायालयाकडे सोपवले, आणि पैशाच्या दाव्यांची मर्यादा दीर्घकाळ दहा हजार रुपयांवर थांबून राहिली. ज्या कामासाठी हे न्यायालय निर्माण झाले, ते काम त्याच्या हातून जवळजवळ निसटले.

दुसरीकडे ही सोय टिकली. इंग्लंडमध्ये साधारणपणे दहा हजार पौंडांपर्यंतचे पैशाचे दावे वेगळ्या, सोप्या पद्धतीने चालतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाची अनामत घरमालकाने अडवली, तर तो स्मॉल क्लेम्स कोर्टात जातो आणि तिथे दोन्ही बाजूंना स्वतःच बोलावे लागते. सुनावणीत पक्षकाराच्या वतीने वकिलाला उभे राहता येत नाही. आपल्याकडे अशी एकच खिडकी नाही. पण वकिलाशिवाय पैसे वसूल करण्याचे मार्ग आहेत, ते कायद्याने दिलेले आहेत, आणि त्यांतला सर्वात रुंद मार्ग खुला होण्यात महाराष्ट्रातल्या माणसांचा मोठा वाटा आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जमिनीच्या भाऊबंदकीत पिढ्या खर्ची पडलेल्या समाजाने ती म्हण घडवली आणि तिच्यामागचे दुःख खरे आहे. पण लाख-दीड लाखांच्या स्वच्छ व्यवहारात तीच म्हण बुडवणाऱ्याच्या उपयोगी पडते. समोरचा माणूस कोर्टात जाणार नाही, याच भरवशावर तो फोन उचलायचे बंद करतो.

दोन व्यवहार नजरेसमोर ठेवू. समजा, नाशिकच्या एका बाईंनी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि कपाटांचे काम ठाण्याच्या एका फर्मला दिले. ठरले २ लाख ४० हजार. त्यांपैकी १ लाख ८० हजार त्यांनी तीन हप्त्यांत खात्यावर पाठवले. दिवाळीपूर्वी काम पुरे व्हायचे होते. अर्धी कपाटे बसली, ट्रॉल्या आल्याच नाहीत, आणि कारागीर जे गेले ते गेले. दुसरा व्यवहार पुण्याचा. एका नोकरदाराने कार्यालयातल्या सहकाऱ्याला त्याच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी १ लाख २० हजार रुपये हातउसने दिले, बिनव्याजी. सहा महिन्यांत देतो म्हणाला. दोन वर्षे झाली. दोन्ही ठिकाणी पैसे अडकले आहेत आणि दोन्ही ठिकाणी देणे लागणारा नाकबूल आहे. तरीही कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळ्या जातीचे वाद आहेत. पहिल्यात पैसे देऊन सेवा घेतली होती, म्हणून तो ग्राहकाचा वाद झाला. दुसऱ्यात सेवा नाही, नुसते देणे-घेणे आहे. ग्राहक आयोगात तो दाखल केला तर पहिल्याच तारखेला परत येईल. कोणत्या दारात जायचे हे ठरवण्यात चूक झाली, की त्यात गेलेला वेळ हाताशी उरत नाही, आणि पैशाच्या दाव्यात वेळ फार महत्त्वाचा.

मुदत

हातउसन्या पैशांसाठी १९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. ती केव्हापासून मोजायची याबद्दल सर्वत्र गैरसमज आहे. शेवटचा तगादा लावला तेव्हापासून, किंवा त्याने साफ नकार दिला तेव्हापासून, असे लोक धरून चालतात. मागाल तेव्हा परत, अशा बोलीवर दिलेल्या पैशांची तीन वर्षे ते दिले त्याच दिवसापासून धावू लागतात. परतफेडीची तारीख लेखी ठरलेली असेल, तर हिशोब त्या तारखेपासून. पुण्याच्या आपल्या माणसाकडे लेखी काही नाही; म्हणून त्याने बँकेच्या उताऱ्यावरची तारीख धरावी आणि उरलेले एक वर्षच आपले समजावे. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. पोलीस चौकीत अर्ज दिल्याने, नातेवाइकांची बैठक बसवल्यानेही ती थांबत नाही.

मुदत वाढते ती ऋणकोच्या सहीने. तीन वर्षे संपण्यापूर्वी त्याने ‘मी इतके देणे लागतो’ असे लिहून सही केली, तर त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. थोडी रक्कम परत केली आणि तशी नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने असली, तरी तोच परिणाम होतो. मोबाइलवरचा ‘देतो रे, पुढच्या महिन्यात’ हा संदेश पुरावा म्हणून कामाचा आहे, पण त्याने मुदत वाढली की नाही यावर कोर्टात वाद होऊ शकतो. म्हणून संबंध अजून बोलण्याइतके बरे असतील, तेव्हाच साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात. मित्राकडे सही मागणे अवघड वाटते, हे खरे. पण सही मागितल्याने मैत्री तुटण्यापेक्षा पैसे न आल्याने तुटते तेव्हा ती जास्त कडवट होऊन तुटते. मुदत उलटून गेल्यावरही ऋणकोने जुने देणे फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन दिले तर कराराच्या कायद्याचे पंचविसावे कलम त्या वचनाला नवा करार मानते. पण त्या टप्प्यावर कुणी सही करील, या आशेवर राहू नये.

ग्राहकाच्या तक्रारीला मुदत दोनच वर्षांची आहे. सबळ कारण दाखवले तर आयोग उशीर माफ करू शकतो, मात्र ते कारण कागदानिशी पटवावे लागते. नाशिकच्या बाईंना दिवाळीची ठरलेली तारीख आणि ‘उद्या माणसे पाठवतो’ असा फर्मचा शेवटचा लेखी शब्द, दोन्ही जपून ठेवावे लागतील.

ग्राहक आयोगाचा दरवाजा

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेलात भेसळ, वजनात मारलेला काटा, साठेबाजी यांविरुद्ध संघटित झालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांची ती चळवळ होती. अशा चळवळींच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. माणसाने आपली तक्रार स्वतः लिहावी, स्वतः मांडावी, हे त्या कायद्याच्या रचनेतच होते.

या रचनेला पुढे आव्हान मिळाले ते मुंबईतच. दक्षिण मुंबईच्या ग्राहक मंचापुढे सहल कंपन्यांविरुद्धच्या दोन तक्रारींत तक्रारदारांच्या बाजूने वकील नसलेला प्रतिनिधी काम पाहत होता. सामनेवाल्यांनी आक्षेप घेतला की सनद नसलेल्या माणसाला बाजू मांडता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिनिधींच्या बाजूने कौल दिला, आणि २०११ मध्ये सी. वेंकटाचलम विरुद्ध अजितकुमार शहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ग्राहक मंच वकिलांपुरते बंदिस्त झाले, तर गरीब तक्रारदार दारातच अडेल, हे न्यायालयाने ओळखले. अशा प्रतिनिधींसाठी २०१४ मध्ये रीतसर विनियमही झाले. त्यामुळे नाशिकच्या बाईंना स्वतः जाणे जमले नाही, तर त्या भावाला किंवा ग्राहक संघटनेच्या कार्यकर्त्याला अधिकारपत्र देऊन, आयोगाच्या परवानगीने, पाठवू शकतात.

१९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला. नव्या कायद्यातला एक बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी सामनेवाल्याचे कार्यालय जिथे, किंवा वाद जिथे उद्भवला, तिथेच तक्रार करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. म्हणजे फर्म ठाण्याची असली तरी बाईंना ठाण्याला खेपा घालायच्या नाहीत. नाशिकला यायचे ते फर्मने. घरबसल्या व्यवहार करून दूरच्या गावच्या विक्रेत्याकडून फसलेल्या माणसासाठी या एका तरतुदीने बाजू पालटली आहे.

कोणता आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. प्रत्यक्ष किती मोबदला दिला यावरून ठरते. पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,०००. बाईंनी १ लाख ८० हजार दिले आहेत, म्हणजे त्यांना शुल्क शून्य. तक्रार आता ई-जागृती या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. नाव असलेल्या कंपन्या पुष्कळदा तिथेच पैसे परत करून मोकळ्या होतात. छोटी फर्म मात्र हेल्पलाइनला क्वचितच दाद देते.

धंद्यासाठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. पण पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेल्या कामाला सूट आहे: स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईने घेतलेले शिलाई मशीन बिघडले तर ती ग्राहकच. तक्रारीत हे एका वाक्यात सांगितलेच पाहिजे, नाहीतर सामनेवाला पहिला आक्षेप तिथेच घेतो.

कागद

तक्रार लिहायला बसण्यापूर्वी सामनेवाला नेमका कोण हे शोधावे. पाटीवरचे नाव आणि कायद्यातले नाव पुष्कळदा वेगळे असते. बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचे किंवा संस्थेचे कायदेशीर नाव दिसते. प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता मिळतो. एकट्या मालकाची फर्म असेल तर ‘अमुक फर्मचे प्रोप्रायटर’ म्हणून त्या माणसालाच सामनेवाला करावे. भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार दोन्ही. हे टाळले तर आदेश पाटीच्या नावाने होतो, आणि वसुलीच्या वेळी ती पाटी कुणाचीच नसते.

मग नोटीस. ग्राहक कायद्यात ती सक्तीची नाही आणि ती वकिलानेच द्यावी असाही नियम नाही. तरी द्यावी, स्वतःच्या सहीने द्यावी, स्पीड पोस्टाने पोहोच मिळेल अशी पाठवावी आणि ईमेलवरही टाकावी. नोटिशीत तीनच गोष्टी हव्यात: काय ठरले, काय झाले नाही, आणि किती दिवसांत काय हवे. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आले तर घाबरू नये. तसे न उघडता फाइलला लावावे.

पुराव्यातला फार मोठा भाग भांडणाच्या आधीच तयार झालेला असतो. कोटेशन, हप्ते पाठवल्याचा बँकेचा उतारा, डिझाइनवर झालेले बोलणे, अर्ध्या कपाटांचे तारखेसह काढलेले फोटो. अशा प्रकरणांत फर्मचा ठरलेला बचाव असतो तो ‘बाईंनी मध्येच डिझाइन बदलले, म्हणून उशीर झाला’ हा. म्हणून बदल कुणी सुचवला, केव्हा, आणि त्याला फर्मने काय उत्तर दिले, हे संदेश क्रमाने छापून लावावेत. त्यांतला गैरसोयीचा एखादा संदेश गाळू नये; तो समोरून आला की बाकीच्यांवरचा विश्वासही जातो. आयोगाचे काम मुख्यतः शपथपत्रे आणि कागदांवर चालते, साक्षीपुराव्याचे काटेकोर नियम तिथे लागत नाहीत. दिवाणी न्यायालयात मात्र मोबाइलमधल्या संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्या कायद्यात प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा आहे.

एक निर्णय इथे नीट विचार करून घ्यावा लागतो. समजा फर्मने पाण्याला टिकणारे प्लाय कबूल केले होते आणि बसवलेली फळी पार्टिकल बोर्डची आहे, असा बाईंना संशय आहे. तो मुद्दा घेतला तर फळी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याची वेळ येऊ शकते; खर्च वाढतो, वेळ वाढतो. कायद्यानेच साध्या तक्रारीला तीन महिने आणि तपासणी लागणाऱ्या तक्रारीला पाच महिने धरले आहेत. ट्रॉल्या आल्याच नाहीत, ही गोष्ट फोटोने सिद्ध होते. मी असतो तर तक्रारीचे सारे वजन अपुऱ्या कामावर ठेवले असते आणि प्लायचा उल्लेख एका परिच्छेदात केला असता. वकील नसलेल्या माणसाने आपल्या सर्वांत बळकट मुद्द्यावरच उभे राहावे.

तक्रार मराठीत लिहिता येते आणि मराठीतच लिहावी. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठीत आदेश होतात. परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, प्रत्येक परिच्छेदात एकच घटना. ‘दि. ४ ऑगस्ट रोजी तक्रारदाराने सामनेवाल्याच्या खात्यावर रु. ६०,००० पाठवले, कागद क्र. ३’ अशा वाक्यांनी तक्रार पुढे जावी. फर्मच्या मालकाचा उद्धटपणा, त्याने फोनवर वापरलेली भाषा, यांनी मनाला झालेली जखम खरी असते. तिला एक परिच्छेद पुरतो. शेवटी आपण ग्राहक कसे, तक्रारीचे कारण कोणत्या तारखेला घडले, ती मुदतीत कशी, आणि याच आयोगाला अधिकार का, हे चार मुद्दे यायलाच हवेत. मागणी मोजून करावी: दिलेल्या पैशांतून झालेल्या कामाची रास्त किंमत वजा करून उरलेली रक्कम, त्यावर व्याज, त्रासापोटी थोडी भरपाई, तक्रारीचा खर्च. अर्धी कपाटे स्वयंपाकघरात वापरात असताना पूर्ण १ लाख ८० हजार मागितले, तर सामनेवाल्याला हक्काचा मुद्दा आयता मिळतो. दुसऱ्या सुताराकडून झालेल्या आणि उरलेल्या कामाचे लेखी अंदाजपत्रक घेऊन जोडावे. आकड्याला आधार येतो.

तारखा

तक्रार आली की आधी ती दाखल करून घ्यायची का, याची छोटी सुनावणी होते. पुकारा झाला की पुढे जाऊन दोन मिनिटांत सांगावे: किती दिले, काय मिळाले नाही, काय हवे. तक्रार नाकारायची झाली तर आधी तक्रारदाराचे ऐकून घेणे आयोगावर बंधनकारक आहे. मग सामनेवाल्याला नोटीस जाते. लेखी म्हणणे देण्यासाठी त्याला तीस दिवस, आणि आयोगाने वाढवले तर आणखी पंधरा. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले, की या पंचेचाळीस दिवसांपलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. फर्मचा वकील सेहेचाळिसाव्या दिवशी आणखी वेळ मागत असेल, तर बाईंनी उभे राहून हा निकाल नम्रपणे लक्षात आणून द्यावा. म्हणणे आलेच नाही, तर प्रकरण एकतर्फा पुढे जाते.

त्यानंतर पुराव्याचे शपथपत्र. तक्रारीतलेच म्हणणे पुरावा म्हणून वाचावे, असे सांगणारी पुरसिस देण्याची पद्धत आहे. पुरसिस म्हणजे आयोगाला दिलेले एका-दोन ओळींचे लेखी निवेदन. सही करून आवक कारकुनाकडे द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. मग लेखी युक्तिवाद, मग तोंडी. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी, अशी विनंती कायद्याने करता येते.

तीन महिन्यांचा आकडा कायद्यात असला तरी प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त काळ लागतो, आणि याचा दोष तक्रारदारांचा नाही. अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून याची दखल घ्यावी लागली. ज्या कायद्याने सामान्य माणसाला जलद न्यायाचे वचन दिले, त्याच्या खुर्च्याच भरायच्या नाहीत, ही शासनाची अक्षम्य हयगय आहे. तारखेला स्वतः हजर राहणे आणि प्रत्येक तारखेचा रोजनामा पाहणे, एवढेच आपल्या हातात असते.

मध्येच तडजोडीचा निरोप येतो, बहुतेक वेळा आयोगाच्या दाराबाहेरच. तो जरूर ऐकावा. मध्यस्थीकडे पाठवण्याची तरतूद कायद्यातही आहे. मात्र ‘तक्रार मागे घ्या, उद्या पैसे टाकतो’ याला होकार देऊ नये. तडजोडीच्या अटी लिहून दोघांच्या सहीने आयोगापुढे ठेवाव्यात, आणि रक्कम खात्यात आल्याखेरीज प्रकरण मिटले असे सांगू नये.

हातउसन्याचा मार्ग

पुण्याच्या नोकरदाराला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागेल. तिथेही पक्षकार स्वतः हजर राहून आपली बाजू मांडू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेने तो हक्क दिलेला आहे. रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी पडते. प्रॉमिसरी नोट किंवा देण्याचा लेखी करार असता, तर संहितेच्या ऑर्डर ३७ खाली संक्षिप्त दावा लावता आला असता. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करण्याचीही आधी परवानगी मागावी लागते. लेखी काहीच नसल्याने आपल्या माणसाला साधा दावा लावावा लागतो: कैफियत, मुद्दे, साक्ष, उलटतपास. प्रतिवादी म्हणेल, ते पैसे भेट होते किंवा जुन्या हिशोबाचे होते. बँकेच्या उताऱ्याने पैसे गेल्याचे सिद्ध होते, ते उसने होते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी संदेश लागतात. म्हणूनच पैसे पाठवताना मोबाइलवर शेरा लिहिण्याची छोटी जागा असते, तिथे ‘हातउसने’ एवढा शब्द लिहिण्याची सवय लावावी. रोखीने दिले असतील तर अडचण मोठी: वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेण्याला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि तो प्रश्न उलटतपासात विचारला जातोच. परवाना नसताना व्याजाने पैसे लावण्याचा धंदा करणाऱ्याला तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यामुळे हुकूमनामाच मिळत नाही.

उलटतपास हा भाग एकट्या माणसाला खरोखर जड जातो, म्हणून त्याआधी लोकअदालतीचा प्रयत्न करावा. गुजरातमधल्या तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यात उना इथे १४ मार्च १९८२ रोजी पहिली लोकअदालत भरली. १९८७ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. दावा लावण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, फी लागत नाही. सहकारी आला आणि हप्ते ठरले, तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, वर अपीलही नाही. आला नाही तर लोकअदालत त्याच्यावर काही लादू शकत नाही, आणि तेवढ्या काळात तीन वर्षांचा काटा थांबला असे समजू नये. महिलेला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीला, दिव्यांगाला उत्पन्न कितीही असले तरी याच प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १५१०० वर फोन करावा.

सहकाऱ्याने धनादेश दिला असता तर आणखी एक मार्ग उघडला असता. तो न वटता परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, मग पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार. माल पुरवणाऱ्या, उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योजकासाठी २००६ च्या कायद्याखाली सुविधा परिषद आहे, आणि थकलेल्या बिलावर तिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते.

आदेश हाती आल्यावर

‘तक्रार अंशतः मंजूर’ हे शब्द वाचून हिरमुसू नये. मागितल्यापैकी थोडे कमी दिले की तेच शब्द येतात. खाली रक्कम, द.सा.द.शे. व्याज आणि किती दिवसांत द्यायचे हे लिहिलेले असते. आदेशाची प्रत मिळाल्याबरोबर ती पोहोचपावतीसह सामनेवाल्याला पाठवावी. त्याला राज्य आयोगात अपिलासाठी पंचेचाळीस दिवस असतात, आणि आदेशातल्या रकमेचा निम्मा हिस्सा भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. छोट्या रकमांत ही अट पुष्कळांना अपिलापासून दूर ठेवते.

तरीही पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे आदेश बजावण्याचा अर्ज, लावायची. कलम ७१ खाली आयोगाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो: बँक खाते, वाहन, मालमत्ता जप्त होऊ शकते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्याच्या शब्दरचनेत २००३ पासून २०२० पर्यंत एक दोष राहिला होता. अंतरिम आदेश बजावता येतात, अंतिम नाही, असा अर्थ त्यातून निघत असे. पुण्याच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला आणि त्या काळातले अंतिम आदेशही बजावता येतील असे ठरवले. जुना आदेश कपाटात पडून असलेल्या माणसांनी तो आता बाहेर काढून पाहावा.

दरखास्तीत जप्तीसाठी मालमत्तेचा तपशील अर्जदारालाच द्यावा लागतो. नाशिकच्या बाईंकडे तो आहे: ज्या खात्यावर त्यांनी तीन हप्ते पाठवले, त्याचा क्रमांक आणि शाखा बँकेच्या उताऱ्यावर छापलेली आहे. जप्तीचा आदेश बँकेत पोहोचला की फर्मचा मालक साधारणपणे स्वतःच फोन करतो आणि हप्ते मागतो. हप्ते आयोगापुढे लिहून घ्यावेत, प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी, आणि शेवटचा रुपया व्याजासह खात्यात आला म्हणजे ‘रक्कम पूर्ण मिळाली, दरखास्त निकाली काढावी’ अशी पुरसिस दाखल करावी.